नेमबाजाचा दारूगोळा : टंचाई आणि मोकळीक

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी येथे कुस्तीत ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळविले, आणि महाराष्ट्राच्या खेळाडूला दुसरे वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळण्यास त्यानंतर तब्बल ७२ वर्षे जावी लागली. १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने पॅरिस येथे ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स या प्रकारात ते मिळविले. दोन्ही पदके खेड्यातून आलेल्या माणसांची आणि दोन्ही कांस्याची. परंतु त्यांच्या मागे असलेल्या सरावाची जात अगदी निराळी. मल्लाला माती, खुराक, वस्ताद आणि जोडीदार लागतो, आणि सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत या गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या गावाच्या तालमीतच मिळत आल्या. त्यांसाठी सरकारदरबारी अर्ज करण्याचे कारण कधी पडले नाही. नेमबाजाच्या सरावात मात्र प्रत्येक नेमामागे एक काडतूस खर्ची पडते, आणि ते काडतूस कोणत्या कारखान्यात तयार झाले, कोणाच्या परवान्यावर विकत घेतले गेले आणि कोणत्या तारखेस नोंदले गेले, याचा हिशेब कायद्याच्या दप्तरात ठेवावा लागतो. म्हणूनच या खेळाचा इतिहास हा पुष्कळ अंशी काडतुसांच्या टंचाईचा इतिहास आहे. गेल्या दहा वर्षांत ती टंचाई बरीच सैल झाली. ती कोठून उद्भवली, कशी ओसरली आणि डोंगरातल्या तालुक्यापर्यंत ही मोकळीक पोचावी म्हणून काय करावयाचे राहिले आहे, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

वेण्णा नदीच्या काठी, साताऱ्याहून केळघरच्या घाटाने महाबळेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसलेले मेढा हे जावळी तालुक्याचे ठिकाण. या मुलखाला बंदूक अनोळखी नाही. भात, नाचणी आणि भुईमूग यांच्या शेतांत रानडुकरे शिरतात, रानातून गवे उतरतात, आणि त्यांना हुसकावून लावण्यासाठी ठासणीची किंवा एकनळी बंदूक शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर बाळगण्याची रीत सह्याद्रीच्या या पट्ट्यात जुनी आहे. परवान्यासाठी अर्ज करावयाचा, पोलिसांची चौकशी व्हावयाची, महसूल खात्याचा अभिप्राय जावयाचा आणि अखेर जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या सहीने मंजुरी मिळावयाची. पुढे मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरण करावयाचे आणि निवडणुकीचा हुकूम निघाला की हत्यार ठाण्यात जमा करून पावती घ्यावयाची, हा क्रम येथील परवानाधारकांच्या अंगवळणी पडलेला आहे. शेतकऱ्याच्या या बंदुकीचे एक लक्षण ध्यानात ठेवण्याजोगे आहे. ती वर्षातून फार थोडे बार काढते, आणि पुष्कळदा तिचा बार हवेतच असतो. तिच्या धन्याला मूठभर काडतुसे वर्षभर पुरतात.

शस्त्रविषयक कायद्याने काडतुसांचे जे माप ठरविले, ते मुख्यतः अशाच माणसाकडे पाहून ठरविले, आणि येथेच नेमबाजाच्या अडचणीचे मूळ आहे. १८५७ च्या उठावानंतर जनतेला निःशस्त्र ठेवण्याचे जे धोरण इंग्रज सरकारने पत्करले, त्याचे कायम स्वरूप म्हणजे लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीतील १८७८ चा शस्त्र कायदा. युरोपीयांना त्यातून सूट होती आणि एतद्देशीयांना परवान्याचे बंधन होते. हा पंक्तिप्रपंच राष्ट्रीय चळवळीच्या आरंभापासून डाचत आला. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने या कायद्यात दुरुस्ती मागितली, आणि १९३१ च्या कराची अधिवेशनातील मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याच्या हक्काचाही अंतर्भाव केला. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा नवा शस्त्र कायदा झाला. तो आणि त्याखालील नियम १९६२ पासून अमलात आले. वर्णभेद गेला, परंतु परवान्याची चौकट राहिली, आणि ती राहणे इष्टही होते, कारण ज्या देशात शस्त्र बाळगणे ही केवळ खासगी बाब मानली गेली, तेथील समाजाने त्याची किंमत किती दिली हे जगासमोर आहे. अडचण चौकटीची नव्हती. संरक्षणासाठी काडतूस जवळ ठेवणाऱ्या माणसाचे आणि शिक्षणासाठी ते खर्च करणाऱ्या माणसाचे माप एकाच हिशेबाने काढले जात होते, ही खरी अडचण होती.

शिकारीचा काळ होता तोवर हा भेद फारसा जाणवला नाही. संस्थानिक, जहागीरदार आणि बडे अंमलदार यांचा तो शौक. त्यांच्यापाशी इंग्लंडातून आणविलेल्या बंदुकाही होत्या आणि दारूगोळाही. परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला पायबंद घातला, आणि बंदुकीच्या कौशल्याला रानाऐवजी कागदी लक्ष्याकडे वळावे लागले. त्यासाठीची संस्था सुदैवाने आधीच उभी राहिली होती. मूळच्या रत्नागिरी जिल्ह्यातील मावळंगे गावच्या घराण्यातले, अहमदाबादेत स्थायिक झालेले आणि लोकसभेचे पहिले सभापती झालेले गणेश वासुदेव मावळंकर यांनी १९५१ साली राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन करण्यात पुढाकार घेतला. राष्ट्रीय स्पर्धेच्या अलीकडची पायरी असलेली अखिल भारतीय नेमबाजी स्पर्धा आजही त्यांच्याच नावाने भरते, आणि महाराष्ट्रातील कित्येक मुलामुलींच्या तोंडी 'मावळंकर खेळून आलो' हे शब्द त्या स्पर्धेच्या अर्थाने सहज येतात.

खेळाला संस्था मिळाली, पण रसद मिळाली नाही. आणि त्याची कारणे तीन ठिकाणी शोधावी लागतात.

पहिले कारण उत्पादनाचे. नागरी वापराची शस्त्रे आणि काडतुसे तयार करण्याचे काम मुख्यत्वे सरकारी आयुधनिर्माणींकडे होते. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. तेथून बारा बोअरची काडतुसे बाहेर पडत. इशापूरच्या रायफल कारखान्यातून .३१५ ची स्पोर्टिंग रायफल आणि कानपूरच्या लघुशस्त्र कारखान्यातून .३२ चे रिव्हॉल्व्हर निघे. परंतु या कारखान्यांचे पहिले कर्तव्य लष्कराची गरज भागविणे हे होते. नागरिकाची गरज त्यानंतरची, आणि नागरिकांतही क्रीडानेमबाजाची संख्या इतकी अल्प की त्याच्यासाठी स्वतंत्र दर्जाचे काडतूस घडविणे कोणत्याही कारखान्याच्या हिशेबात बसत नसे.

दुसरे कारण आयातीचे. परकीय चलनाची ओढाताण असलेल्या देशात बंदूक ही चैनीची वस्तू ठरली, आणि १९८० च्या दशकाच्या मध्यापासून खासगी व्यक्तीला परदेशी हत्यार आणण्याची वाट जवळजवळ बंद झाली. ज्या थोड्या विलायती बंदुका देशात होत्या, त्याच हातोहात फिरत राहिल्या आणि त्यांच्या किमती अवाच्या सवा चढल्या. राष्ट्रीय स्पर्धेत ठरावीक गुण मिळवून 'नामांकित नेमबाज' हा दर्जा मिळविणाऱ्यास मात्र शस्त्र आणि दारूगोळा आयात करण्याची मुभा आणि शुल्कात सवलत होती. या सवलतीचा लाभ पुष्कळांना झाला; पण तिच्यात एक कोडे होते. चांगले गुण मिळाले तर चांगले काडतूस मिळे, आणि चांगले काडतूस मिळाले तरच चांगले गुण मिळत.

तिसरे कारण परवान्यावरील मर्यादेचे; त्याचा विचार करण्यापूर्वी या काडतुसाची घडण जरा जवळून पाहिली पाहिजे.

५० मीटर रायफलमध्ये वापरले जाणारे .२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७ पासून प्रचारात आहे. पितळेची बारीक नळकांडी, तिच्या बुडाशी दुमडून काढलेली कड, नळकांडीत चिमूटभर दारू आणि तोंडाशी सुमारे २.६ ग्रॅम वजनाची, मेणचट लेप दिलेली शिशाची गोळी, एवढाच त्याचा पसारा. ठिणगी देणारे द्रव्य निराळ्या टोपीत नसते. ते ओल्या अवस्थेत नळकांडीत घालून ती गरगर फिरवितात, तेव्हा ते कडेच्या पोकळीत पसरते आणि तेथेच वाळते. बंदुकीची खीळ त्या कडेवर आदळली की बार होतो. ज्या काडतुसाची कड एकदा चेपली, ते पुन्हा भरता येत नाही. म्हणजे रिकाम्या पुंगळ्या भरून टंचाईत दिवस काढण्याचा मार्ग या खेळात नाही. शिवाय कडेतील द्रव्य, दारूचे वजन, गोळीचा आकार आणि लेपाची जाडी यांत तसूभर फरक पडला तरी पन्नास मीटरवर गोळी दुसरीकडे जाते; आणि तेथे दहा गुणांचे वर्तुळ असते अवघे १०.४ मिलिमीटरचे. स्पर्धेची काडतुसे मुद्दाम ध्वनीच्या वेगाच्या किंचित खाली ठेवलेली असतात, कारण ध्वनीचा वेग ओलांडून पुन्हा खाली येताना गोळीची चाल डळमळते.

म्हणूनच जाणते नेमबाज काडतूस नुसत्या नावावर घेत नाहीत. ते त्याचा लॉट पाहतात. एकाच यंत्रावर एकाच वेळी तयार झालेल्या मालाला एक क्रमांक असतो. इंग्लंडातील एली, जर्मनीतील आरडब्ल्यूएस किंवा फिनलंडचे नाव मिरविणारी लापुआ या कारखानदारांच्या चाचणीगृहांत रायफलची नळी शिकंज्यात घट्ट आवळून निरनिराळ्या लॉटच्या गोळ्या झाडून पाहतात, आणि ज्या लॉटचा ग्रुप, म्हणजे गोळ्यांच्या छिद्रांचा पुंजका, सर्वांत आटोपशीर पडेल, तो त्या नळीचा लॉट मानून वर्षभराचा साठा एकदम घेतात. जेथे हंगामाच्या मध्यावर काडतुसे संपतात आणि पुढची खेप केव्हा येईल याचा भरवसा नसतो, तेथील नेमबाजाला मिळेल तो लॉट घ्यावा लागतो. मग गोळी आठात गेली तर दोष हाताचा की काडतुसाचा, हे त्यालाही उमगत नाही आणि त्याच्या प्रशिक्षकालाही. टंचाईने सराव कमी होतो हे उघड आहे. पण उरलेल्या सरावातून मिळणारे ज्ञानही ती संशयित करून टाकते, हा तिचा अधिक खोल अपाय आहे.

आता परवान्यावरील मर्यादेकडे वळू. परवाना पुस्तिकेत विक्रेता प्रत्येक खरेदीची नोंद करतो. तारीख, प्रकार, नग, सही आणि शिक्का. वर्षाची मर्यादा भरली की पुढचे पान कोरेच राहते. २०१६ च्या नव्या शस्त्र नियमांनी क्रीडानेमबाजांचे वर्ग आखून दिले, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने अधिसूचना काढून त्यांच्या सरावाच्या काडतुसांचे माप मोठ्या प्रमाणात वाढविले : .२२ ची वार्षिक मर्यादा १००० वरून ५०००, इतर पिस्तूल-रिव्हॉल्व्हरची ६०० वरून २०००, आणि छऱ्याच्या बंदुकीची ५०० वरून ५०००.

या आकड्यांचा अर्थ खेळाच्या भाषेत मांडला म्हणजे त्यांचे मोल कळते. थ्री पोझिशन्सच्या पात्रता फेरीत गुडघ्यावर, पालथे झोपून आणि उभे राहून प्रत्येकी २० असे ६० गुणांकित बार काढावयाचे असतात. सुरुवातीचे अंदाजाचे बार, ज्यांना नेमबाज सायटर म्हणतात, ते हिशेबात धरले नाहीत, तरी एक हजार काडतुसांत वर्षाकाठी सोळा पूर्ण फेऱ्या होतात. म्हणजे तीन आठवड्यांतून एक. पाच हजारांत त्याच फेऱ्या ८३ होतात. म्हणजे आठवड्याला दीडाहून अधिक. छऱ्याच्या बंदुकीचा हिशेब तर याहून बोलका आहे. ट्रॅप प्रकारात हवेत उडणाऱ्या १२५ तबकड्या फोडावयाच्या असतात. प्रत्येक तबकडीला एकच काडतूस लागले असे धरले, तरी पाचशे काडतुसांत वर्षभरात चार फेऱ्या संपतात, आणि प्रत्यक्षात दुसऱ्या बाराची मुभा असल्याने त्या चारही पुऱ्या होत नाहीत. पाच हजारांत अशा चाळीस फेऱ्या होतात. वर्षातून चार वेळा रियाज करणाऱ्या गायकाकडून मैफलीची अपेक्षा करणे जितके अन्यायाचे, तितकेच जुन्या मर्यादेत राहणाऱ्या नेमबाजाकडून पदकाची अपेक्षा करणे अन्यायाचे होते.

हत्यारांच्या बाबतीतही याच अधिसूचनेने हात सैल केला. नामांकित आणि आंतरराष्ट्रीय पदकविजेत्या नेमबाजांना क्रीडाप्रकारांच्या संख्येनुसार आठ, दहा किंवा बारा शस्त्रे बाळगण्याची मुभा मिळाली, आणि होतकरू व कुमार नेमबाजांना एकाऐवजी दोन. येथे एक गोष्ट आवर्जून नमूद केली पाहिजे. याच सुमारास, म्हणजे डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने, सर्वसामान्य परवानाधारकाच्या शस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणण्यात आली आणि बेकायदा शस्त्रांच्या शिक्षा कडक करण्यात आल्या. एकाच सरकारने दोन महिन्यांच्या अंतराने एकीकडे आवळावे आणि दुसरीकडे सैल करावे, यात विसंगती नाही. जवळ ठेवण्याचे शस्त्र आणि शिकण्याचे शस्त्र या दोहोंना निराळी मापे असली पाहिजेत, हे तत्त्व शासनाने प्रथमच इतक्या स्पष्टपणे मान्य केले. आणि मला या साऱ्या सुधारणेत हाच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

दैवगती अशी की कागदावरची मर्यादा वाढली आणि त्याच वर्षी जगाच्या बाजारातून काडतुसे नाहीशी झाली. करोनाच्या साथीत अमेरिकेत शस्त्रखरेदीची अभूतपूर्व लाट आली. २०२० साली तेथे खरेदीशी निगडित पार्श्वभूमी तपासण्यांची संख्या सुमारे ३ कोटी ९७ लाखांवर गेली. त्याच वर्षी रेमिंग्टन ही तेथील जुनी कंपनी दिवाळखोरीत निघाली आणि तिचा दारूगोळ्याचा कारखाना दुसऱ्या कंपनीकडे गेला. पितळ, शिसे, दारू आणि ठिणगीचे द्रव्य ही चार सामग्री लष्कराला, शिकाऱ्याला आणि खेळाडूला सारखीच लागते. त्यामुळे एकीकडची मागणी वाढली की दुसरीकडचा पुरवठा आटतो. काडतुसांचे नवे कारखाने चार दिवसांत उभे राहत नाहीत, कारण ही यंत्रे विशेष घडणीची, मनुष्यबळ अनुभवी आणि सुरक्षेचे नियम कडक. पुढे अमेरिकेतील मागणीची लाट ओसरली आणि दुकानांतल्या फळ्या पुन्हा भरू लागल्या; तथापि २०२२ पासूनच्या युक्रेन युद्धाने युरोपातील दारूच्या उत्पादनावर लष्कराचा ताण वाढविला, आणि किमती पूर्वपदावर आल्या नाहीत. परक्या कारखान्यावर विसंबणारा खेळ परक्या संकटाचाही वाटेकरी होतो, हा या काळाने दिलेला धडा आहे.

स्वदेशी उत्पादनाची बाजू त्यामुळे अधिक विचारार्ह ठरते. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुधनिर्माणी मंडळ विसर्जित होऊन त्याच्या सात कंपन्या झाल्या, आणि त्यांपैकी दारूगोळा तयार करणाऱ्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडचे मुख्यालय पुण्यातच आले. खासगी उद्योगांनाही आता शस्त्रे आणि काडतुसे तयार करण्याचे परवाने मिळू शकतात. दीडशे वर्षांची कारागिरी असलेल्या खडकीच्या परिसरात स्पर्धेच्या दर्जाचे .२२ चे काडतूस नेमाने तयार होऊ लागले, तर साताऱ्याच्या नेमबाजाचा लॉट सातासमुद्रांपलीकडे शोधावा लागणार नाही.

तोवर टंचाईवरचा सर्वांत मोठा उतारा एअर रायफलने दिला आहे. दाबलेल्या हवेच्या जोरावर साधारण अर्ध्या ग्रॅमचा ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा दहा मीटरवर मारावयाचा. दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा. दारू नाही आणि काडतूसही नाही. ठरावीक शक्तीच्या आतील आणि .१७७ बोअरच्या एअर रायफलला २०१६ च्या नियमांनुसार परवानाही लागत नाही. अंजली भागवत यांनी सिडनीच्या २००० च्या ऑलिंपिकमध्ये आणि सुमा शिरूर यांनी अथेन्सच्या २००४ च्या ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी गाठली ती याच प्रकारात. रुद्रांक्ष पाटील २०२२ साली कैरो येथे जगज्जेता झाला तोही याच प्रकारात. पण एअर रायफल हे शिक्षणाचे दार आहे. पन्नास मीटरची विद्या त्याच्या पलीकडे सुरू होते. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिक येथे पन्नास मीटर प्रोन प्रकारात जागतिक अजिंक्यपद मिळविले आणि राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचे सुवर्ण जिंकले, त्या दोघींच्या यशाला खऱ्या काडतुसांचा सराव लागला. एकट्या कोल्हापूर जिल्ह्यातून इतकी नावे यावीत याचे एक कारण असे की तेथे दुधाळीची रेंज होती, प्रशिक्षक होते, आणि धाकट्याला वाट दाखविणारे थोरले नेमबाज होते.

मेढ्याच्या मुलाची स्थिती या दृष्टीने पाहावी. कायद्याने त्याला दोन शस्त्रांची आणि हजारो काडतुसांची मुभा दिली. पण शेतकरी कुटुंबाने परदेशी रायफल घ्यावयाची कशी, आणि ती झाडावयाची कोठे? पन्नास मीटरची सर्व सोयींनी युक्त रेंज म्हटली की पुण्याच्या बालेवाडीचे नाव निघते, आणि ते घरापासून सव्वाशे किलोमीटरवर. बहुतेक मुलांचा पहिला बार होतो तो एनसीसीच्या शिबिरात, .२२ च्या रायफलने, वर्षातून मोजक्या फैरींचा. अंजली भागवत यांचीही सुरुवात एनसीसीतूनच झाली, हे येथे स्मरणीय आहे. ज्या जिल्ह्यात सैनिकी परंपरेचे अपशिंगे आहे आणि देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली सुरू झाली, त्या जिल्ह्यात हात आणि डोळा यांची वाण खास नाही. उणीव आहे ती व्यक्तीला मिळालेली मुभा समूहाच्या उपयोगी आणणाऱ्या व्यवस्थेची.

म्हणून मोकळिकीचा पुढचा टप्पा संस्थेच्या वाटेने गेला पाहिजे. तालुक्याच्या ठिकाणी शाळेच्या किंवा पंचायतीच्या एखाद्या बंदिस्त दालनात दहा मीटरची एअर रायफल रेंज उभारणे फार खर्चाचे नाही. भक्कम पाठभिंत, पुरेसा उजेड, चार लक्ष्ये आणि एक जाणता शिक्षक एवढ्यावर तिचा आरंभ होऊ शकतो. तेथे गुण दाखविणाऱ्या मुलांसाठी जिल्ह्याच्या रायफल संघटनेकडे रायफली आणि काडतुसे सामाईक असावीत. साठा कुलूपबंद कोठारात राहावा, दिलेल्या आणि परत आलेल्या प्रत्येक पुंगळीची रुजवात रोजच्या रोज नोंदवहीत व्हावी, आणि एकच लॉट हंगामभर पुरेल अशा बेताने खरेदी व्हावी. रायफल क्लबांना परवाना देण्याची तरतूद कायद्यात आहेच. ती वापरण्यास उत्तेजन मिळावयास हवे. यात समाजाच्या सुरक्षिततेचाही लाभ आहे, कारण घरोघरी विखुरलेल्या शस्त्रांपेक्षा एका छपराखालच्या, एका जबाबदार व्यक्तीच्या ताब्यातल्या शस्त्रांवर देखरेख ठेवणे पोलिसांना केव्हाही सोपे असते; आणि जो मुलगा नळी सदैव लक्ष्याच्या दिशेने ठेवण्याचा, हुकूम झाल्याशिवाय खटक्याला बोट न लावण्याचा आणि बार झाल्यावर कोठा रिकामा करून दाखविण्याचा धडा बाराव्या-तेराव्या वर्षी गिरवितो, तो मोठेपणी शस्त्राचा बडेजाव मिरविण्याची शक्यता फार कमी.

अधिसूचनेतील पाच हजारांचा आकडा ही शासनाने मान्य केलेली कमाल मर्यादा आहे. तिच्यापैकी किती काडतुसे प्रत्यक्षात डोंगरी तालुक्यातल्या मुलामुलींच्या हाती सरावासाठी पडतात, हा खरा प्रश्न. जिल्ह्याच्या क्रीडा खात्याने आणि रायफल संघटनेने दरवर्षी हा दुसरा आकडा काढून जाहीर करावा, आणि टंचाई ओसरली की नाही याचा निर्णय त्यावरून करावा.